आधी भाकर, मग लाईट

मी खोटं बोलत नाही. जे घडलं तेच जरा मोठं करून सांगतो, म्हणजे लांब बसलेल्यालाही दिसतं. आमच्या डोंगरात हाक मारली की ती समोरच्या कड्यावर आपटून दुप्पट होऊन परत येते, माझ्या गोष्टींचंही तसंच होत असावं. तेव्हा यातलं वानर तुम्ही थोडं लहान करून वाचलंत तरी माझी हरकत नाही. जेवण मात्र जसं सांगतो तसंच झालं. त्यात मी पदरचं चिमूटभर मीठसुद्धा घातलेलं नाही.

मी लाईनवर काम करतो. लाईन म्हणजे विजेची. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांच्या शिवेवर ज्या वाड्या डोंगराला गोचिडासारख्या चिकटल्यात, तिथली लाईट गेली की आम्ही दोघं मोटारसायकलवर निघतो. दोघं म्हणजे मी आणि मामा. मामा माझे नात्याने कुणी लागत नाहीत. ते थोरले वायरमन आणि मी त्यांच्या हाताखालचा, चाळिशी ओलांडलेला गडी. पण त्यांना सगळेच मामा म्हणतात. त्यांच्याहून दहा वर्षांनी थोरल्या म्हाताऱ्याही म्हणतात.

मामांना खांबावर चढताना बघावं. आमच्या भागात बघण्यासारखं पुष्कळ आहे, गड आहेत, घाट आहेत, धरणाच्या भिंती आहेत, पण लोक फोटो कशाचे काढतात ते मला कळत नाही. कमरेला पट्टा, खांद्यावर दोर, आणि हा माणूस असा सरसर वर जातो की वर आधीच बसलेला कावळा जागा करून देतो. एकदा भर पावसात, एका हाताने खांब धरून, दुसऱ्या हाताने तार जोडून, वर बसूनच त्यांनी खालच्या एका बाईची आणि तिच्या जावेची भांडणं मिटवली होती.

अशा माणसाला साखर निघाली.

डॉक्टरांनी सकाळची गोळी दिली आणि बजावून सांगितलं, की गोळी घेतली की दुपारचं जेवण वेळेवर आणि पोटभर झालंच पाहिजे. नाहीतर साखर एकदम खाली जाईल, घाम फुटेल, चक्कर येईल. जमिनीवर चक्कर आली तर माणूस खाली बसतो. खांबावर आली तर, असं म्हणून डॉक्टर थांबले. त्यांनी थांबवलेलं ते वाक्य मामींनी घरी नेलं. मामी म्हणजे मामांची बायको. उत्रोलीत त्यांचं घर आहे, भाताची खाचरं आहेत. भात पिकवणाऱ्या माणसाला डॉक्टरांनी भात बंद केला, हे तर मामांना अजूनही कुणीतरी केलेली चेष्टाच वाटते.

मामींनी मला एकदा मुद्दाम बोलावून घेतलं. चहा बशीत ओतला, आणि बशी माझ्या हातात द्यायच्या आत म्हणाल्या, "तुला एकच काम सांगते. बाकी तारा जोडा, न्हाईतर तोडा, माझं काय म्हणणं न्हाई. पर ह्यांना दुपारच्याला खाली बसवून जेवू घाल. हुबं ऱ्हाऊन दोन घास न्हाई. बसवून."

"व्हय मामी."

"तुझं व्हय मला ठाव हाय. खांबावरनं जर हे खाली आले न्हवं, तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू रं?"

त्या हसत बोलत होत्या, पण बशी त्यांच्याच हातात होती आणि त्यातला चहा हलत होता. मी शब्द दिला. दिला खरा, पण तो पाळायचा कसा ते काही कळेना.

कारण मामांचा डबा रोज रिकामा व्हायचा, पण मामांचं पोट काही भरायचं नाही. मामी पहाटे उठून नाचणीच्या भाकरी थापायच्या, पावट्याची नाहीतर मेथीची भाजी, लसणाची चटणी, एक कांदा. आणि हे गृहस्थ काम संपल्यावर, दिवस कलल्यावर परत येताना त्या भाकरी वाटेतल्या कुत्र्यांना घालायचे, म्हणजे मामींना वाईट वाटायला नको. भोरपासून वेल्ह्यापर्यंतची कुत्री आमच्या मोटारसायकलचा आवाज ओळखायची. ती इतकी सुटली होती की बिबट्या समोर आला तरी पळायच्या ऐवजी त्याला म्हणत असतील, बस, दम खा, आता येईल भाकरी. दुपारी मामींचा मला फोन यायचा, "जेवले का?" समोरून मामा डोळे वटारायचे. मी म्हणायचो, "डबा सोबतच हाय, मामी." यात खोटं काय?

तुम्ही म्हणाल, अहो, कामगाराला जेवणाची सुट्टी असते. असते की. आकाशात चंद्र असतो तशी असते. सगळ्यांना दिसते, पण तिथं जाऊन बसलेला मी कुणी पाहिलेला नाही. सारोळ्याला नीरेच्या पुलाजवळ हायवेवर हॉटेलं आहेत, तिथला वाढपी दिवसभर हजार माणसांना 'अजून काय आणू' विचारतो आणि स्वतः चार वाजता मोरीजवळ उभा राहून पाव चहात बुडवतो. माझा एक चुलतभाऊ टेम्पो चालवतो. तो एका हाताने वडापाव खातो आणि दुसऱ्या हाताने घाट उतरतो. त्याला विचारलं, अरे थांबून खा की, तर म्हणाला, "थांबल्यावर भूकच लागत न्हाई." आणि आमच्या घरातल्या बायका लावणीच्या दिवसांत चिखलात पाय रोवून बांधावरची भाकरी कधी खातात ते मला लग्नाला वीस वर्षं होऊनही कळलेलं नाही.

पण मामांचं कारण निराळं होतं. कामाची घाई त्यांना कधीच नसे. झालं होतं असं, की फार वर्षांपूर्वी मामा एका गावात लाईन जोडायला गेले होते. गावाचं नाव सांगणार नाही, कारण तिथं माझी सासुरवाडी आहे. काम मोठं होतं, दुपार झाली, मामा देवळाच्या पायरीवर डबा उघडून बसले. तोवर दहापंधरा माणसं भोवती जमली. लाईट बंद, पंप बंद, सगळे उभे राहून मामांच्या हाताकडं बघायला लागले. आणि त्यातला एक अगदी गोड आवाजात म्हणाला, "जेवा, जेवा, सावकाश जेवा. आमाला काय, अंधारात बसायची सवय हाय."

शिवी दिली असती तर मामांनी परत दिली असती. पण हे 'जेवा, जेवा' त्यांच्या घशात जे अडकलं ते अडकलंच. तेव्हापासून गावाची लाईट बंद असताना मामांनी घास तोडला नाही. मला त्यांनी हे एकदाच सांगितलं होतं, घाटात मोटारसायकल पंक्चर झाली तेव्हा. वर म्हणाले, "लोकं बघाया लागली की भाकर लाकडावानी लागती बघ."

तर आता ती माघातली गोष्ट.

तोरण्याच्या अंगाला एक वाडी आहे. धनगरांची चार घरं, बाकी शेतकऱ्यांची, एक देऊळ, एक पिठाची गिरणी. काटेसावरीला फुलं लागली होती आणि सकाळी इतकी थंडी होती की मोटारसायकलचा हॉर्नसुद्धा खोकत होता. आदल्या दिवशी संध्याकाळी वानरांची टोळी वाडीवर आली होती. त्यातल्या म्होरक्याने आमची तार झोका म्हणून वापरली. साधारण रेडकाएवढं वानर, असं वाडीतलेच लोक सांगत होते, मी फक्त शेपूट वाढवलं. एक तार दुसरीला लागली, जाळ झाला, दोन्ही तारा तुटून खाली. म्होरक्या जो उडाला तो थेट महाडला उतरला म्हणतात. आणि वाडी अंधारात.

एरवी वाडीने कळ काढली असती. पण त्या दिवशी एका घरी हळद होती, दुसऱ्या दिवशी लग्न. आम्ही पोचलो तेव्हा अख्खी वाडी रस्त्यावर उभी. सगळ्यात पुढे नवरदेवाचा बाप.

"मामा, आलात! आता तुमीच हाय बघा. पोराची हळद हाय, सांजच्याला पाव्हणं येत्याल, मांडवात उजेड न्हाई, दळण न्हाई, पाणी न्हाई!"

त्याच्या मागून नवरदेव पुढे आला, आणि मला हसू आवरेना. आदल्या संध्याकाळी तो चार्जिंगच्या मशीनने दाढी करत बसला होता. डावा गाल झाला आणि मशीन बंद पडलं. चार्ज करायला लाईट नाही. बिचाऱ्याचा डावा गाल नवरदेवाचा आणि उजवा गाल संन्याशाचा. त्याच्या एका मित्राने माझ्या कानात सांगितलं, "वस्तरा हाय की घरात, पर वस्तऱ्याला भितंय."

मामांनी पहिल्यांदा डीपीतले, म्हणजे वाडीच्या ट्रान्सफॉर्मरखालच्या पेटीतले, तिन्ही फ्यूज उपटले. ही आमच्या कामातली पहिली रीत. वर माणूस चढलेला असताना खाली कुणीतरी दीडशहाणा 'बघू तरी, आली का लाईट' म्हणून हात घालतो, म्हणून फ्यूज आपल्याजवळच ठेवायचे. मामा ते डब्याच्या पिशवीत टाकत आणि पिशवी माझ्या खांद्याला. कामभर ती पिशवी मी खाली ठेवत नाही. वर मामा असताना ती देवाने मागितली तरी देणार नाही.

तीन खांबांवर काम होतं. पहिला झाला. दुसऱ्याला वेळ लागला, वरचं लोखंड गंजलं होतं. ऊन वर आलं, सावल्या पायाखाली गेल्या. मांडवात बसलेला स्पीकरवाला दर पाच मिनिटांनी येऊन वर बघून जात होता, जसं काही त्याच्या बघण्यानं तार जोडली जाणार होती. गिरणीपुढं दळणाच्या डब्यांची रांग लागली होती, आणि डब्यांमागं बायका.

मामा दुसऱ्या खांबावरून उतरले तेव्हा त्यांच्या हातातली पक्कड पडली. मी उचलून दिली. परत पडली. मी काही बोलायच्या आत मामांनी मला शिवी दिली.

आता, शिवी ऐकून मी कधी घाबरत नाही. पण मामांच्या तोंडून मी आजवर शिवी ऐकली नव्हती. त्यांच्या कपाळावर घाम होता, असा की वळचणीसारखा गळत होता, आणि हवा तर अजून गार होती.

"मामा, डबा काढू?"

"लोकाचं लगीन खोळंबलंय आन तू डबा काढतूस? एक खांब ऱ्हायलाय."

"व्हय, एकच ऱ्हायलाय, उरकाच आता," नवरदेवाचा बाप म्हणाला. वाईट मनानं नव्हे, पण म्हणाला.

मामा तिसऱ्या खांबाकडं निघाले. वाट सरळ होती, पण मामा सरळ चालत नव्हते. मी त्यांच्या मागं. अडवावं तर ते ऐकणार नाहीत, आणि जाऊ द्यावं तर उत्रोलीतली ती हलणारी बशी डोळ्यांपुढं.

तेवढ्यात गिरणीच्या दारातून एक बाई बाहेर आल्या. गिरणी त्याच चालवतात. वाडी त्यांना वैनी म्हणते. भुवया, पापण्या, केस सगळं पिठाने पांढरं, त्यामुळं त्या तिशीच्या आहेत की सत्तरीच्या ते त्यांच्या नवऱ्यालाही दिवाळीच्या आंघोळीनंतरच कळत असावं. त्या सरळ येऊन मामांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

"मामा, हात बघू."

"हाताला काय झालंय?"

"पाळण्यावानी हालतोय, आन म्हणं काय झालंय. साखर हाय न्हवं तुमाला?"

मामा माझ्याकडं बघायला लागले. मी आकाशाकडं बघायला लागलो.

"त्याच्याकडं नका बघू. माझ्या बापाला हीच व्हती. असाच थंडीचा घाम फुटला बांधावर. मी म्हणलं, दादा, घरला चला, चार घास खावा. त्ये म्हणलं, एवढा बांध उरकतो."

एवढं बोलून वैनी थांबल्या. बांधाचं पुढं काय झालं ते कुणी विचारलं नाही. नवरदेवाच्या बापानेही मान खाली घातली.

मांडवातून कुणीतरी बुंदीचा लाडू आणला. मामांनी तो खाल्ला. दोन घोट पाणी प्यायले, जरा वेळ दगडावर टेकले. हळूहळू घाम थांबला, हात थांबले, आणि मामा पुन्हा मामा झाले. म्हणजे पट्टा आवळून उभे राहिले.

"झालं. ब्येस वाटतंय. चढतो."

"लाडू म्हंजी जेवान न्हवं," वैनी म्हणाल्या.

"वैनी, आता ह्यो एक खांब. मग जेवतोच."

"बापाचा बांध."

"अवो, तुमची गिरण बंद हाय, लग्नाचं दळण पडलंय, आन तुमीच मला अडवताय?"

 वैनी माझ्याकडं वळल्या आणि माझ्या खांद्यावरच्या पिशवीला हात घातला. आता वर खांबावर कुणी नव्हतं, हे मी नीट बघून घेतलं होतं. मग मी काय केलं असेन? खांदा जरा सैल सोडला. पिशवी घसरली. पिशव्या घसरतात, त्याला माणूस काय करणार?

वैनींनी एका हातात डबा काढला आणि फ्यूज तसेच पिशवीत ठेवून पिशवी पदराखाली घेतली.

"चढा आता. तार जोडा, न्हाईतर वर घर बांधून ऱ्हावा. फ्यूज माझ्यापाशी हायती. तुमी बसून जेवल्याबिगर मी द्यायची न्हाई, आन त्याच्याबिगर लाईट यायची न्हाई."

"ए वैने!" नवरदेवाचा बाप ओरडला. "लगीन माझं हाय!"

"तुमचं न्हाई, पोराचं हाय. आन पीठ माझ्या गिरणीत दळायचं हाय. जास्त बोललात तर तुमचं दळण सगळ्यांच्या मागं ठिवीन."

त्यावर दळणाच्या रांगेतून असा हशा उठला की देवळावरची पारवी उडाली. मामांनी मोठा सुस्कारा टाकला आणि मांडवात जाऊन बसले. मी त्यांच्यापुढं डबा उघडून ठेवला. दोन भाकरी, पावट्याची भाजी, चटणी, कांदा. मामांनी भाकरी मोडली. घास केला. आणि हात तसाच तोंडापाशी थांबला.

मला लगेच कळलं. मांडवाभोवती अख्खी वाडी उभी होती. दळणवाल्या बायका, स्पीकरवाला, धनगराघरची माणसं, अर्ध्या दाढीचा नवरदेव, त्याचा बाप. कुणी वाईट बोलत नव्हतं.  सगळे फक्त बघत होते, की हा माणूस कधी एकदा संपवतो.

मामांनी घास परत डब्यात ठेवला.

"वैनी, फ्यूज द्या," ते हळू आवाजात म्हणाले. "लोकं खोळंबल्याती. असं लोकांच्या म्होरं न्हाई उतरत."

चढणारा, भांडणं मिटवणारा, कावळ्याला उठवणारा माणूस, आणि आवाज असा की मला दुसरीकडं बघावं लागलं.

 वैनी वाडीकडं वळल्या आणि त्यांनी जो आवाज काढला तो मी मोठा करून सांगायची गरजच नाही.

"बघताय काय रं टकामका! त्या माणसाला घास गिळंल का अशानं? कोण जेवलंय तुमच्यातलं? कोण न्हाई! मग हुबं का? जावा, आपापली भाकर आणा आन बसा हितं!"

"आमी?" स्पीकरवाला म्हणाला.

"तुझं त्ये खोकं काय पळून चाललंय का? बस!"

पहिल्यांदा बसला तो नवरदेव. मामांच्या शेजारीच बसला, पाटावर, आणि आईला हाक मारली, "आये, मला पन आण गं, सकाळपासनं कुणी खायला दिलं न्हाई. हळद लावाया सगळी पळत्याती." मग दळणाच्या रांगेतल्या दोघी बसल्या. मग घराघरांतून टोपल्या निघाल्या. कुणाची तांदळाची भाकरी, कुणाची नाचणीची, कुणाचं नुसतं कालवण. धनगराघरच्यांनी ताक आणलं, इतकं घट्ट की लोटा उलटा केला तरी विचार करून पडायचं. स्पीकरवाल्याने खिशातून चुरगळलेला वडापाव काढला. बघता बघता मांडवात समोरासमोर दोन पंगती झाल्या. लग्नाचं जेवण उद्या होतं, पण त्या मांडवात पहिली पंगत आमच्या मामांसाठी बसली. यात तोळाभर वाढवलेलं नाही. नवरदेवाचा बाप सगळ्यात शेवटी बसला, कुरकुरत, आणि सगळ्यात जास्त भाकरी त्यानेच खाल्ल्या.

मामांनी पुन्हा घास उचलला. आता त्यांच्याकडं कुणी बघत नव्हतं, कारण प्रत्येकाला आपल्या पुढ्यातलं दिसत होतं. तरी मामा थांबलेच.

"आता आन काय?" वैनी म्हणाल्या.

"तुमी?"

"मी खाती की मागनं. गिरणीपाशी हुब्याहुब्या दोन घास खायची सवयच हाय मला."

"मग मला बी हुब्याहुब्याच द्या."

पंगत खदखदून हसली. एक बाई म्हणाली, "घावली! वैनी आज घावली!" वैनींनी फ्यूजची पिशवी मांडीखाली घातली आणि खाली बसल्या. त्यांच्यापुढं कुणी भाकरी ठेवली, कुणी भाजी, कुणी ठेचा. पिठाच्या हातांनी त्यांनी घास तोडला आणि मान खाली घालून खायला लागल्या. गिरणी सुरू झाल्यापासून बसून दुपारचं जेवण त्यांचं हे पहिलंच असावं. घास चावताना त्या मधेच थांबत होत्या, भाकरीची चव नव्याने लागल्यासारख्या.

आणि मामा जेवले. सावकाश. भाजी संपली तर शेजारचीने कालवण वाढलं. मामांनी कांदा मागितला तर तो कांदा पंगतीच्या त्या टोकावरून हातोहात आला, वाटेत दोघांनी त्यातली एकेक पाकळी काढून घेतली. नवरदेव मामांना विचारत होता, "मामा, लगीन झाल्यावर पयल्यांदा काय करावं?" मामा म्हणाले, "पयल्यांदा दाढी पुरी कर." मामा स्वतःच्या विनोदाला स्वतः हसले. एवढी वर्षं त्यांच्या मागं मोटारसायकलवर बसतोय, पण भर दुपारी त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं.

जेवण झालं, मामा म्हणाले, "जरा पाठ टेकतो," आणि सतरंजीवर आडवे झाले. म्हणजे मिनिटभर, असं त्यांना वाटत होतं. पुढच्या श्वासाला ते घोरत होते.

आता काय करायचं? वाडीने एकमेकांकडं बघितलं. मी उठवायला हात पुढं केला, तर नवरदेवाचा बापच म्हणाला, "असू दे. लागलाय डोळा तर लागू दे." आणि हा माणूस, ज्याला सकाळपासून एकेक मिनिट तासासारखं जात होतं, तो हातात काठी घेऊन मांडवाच्या तोंडाशी उभा राहिला आणि ओरडणारा कोंबडा हाकलायला लागला. बायका भांडी न वाजवता उचलत होत्या. स्पीकरवाला बोटावर चालत होता. वैनी पिशवीवर हात ठेवून तिथंच बसून होत्या. मी सांगतो, त्या वेळी त्या वाडीत जो शांतपणा होता तो मी देवळात पाहिलेला नाही.

मामा उठले ते चपापून. लोकं रागावली असतील म्हणून आधी इकडंतिकडं बघितलं. कुणी रागावलेलं नव्हतं. वैनींनी पिशवी परत माझ्या खांद्याला अडकवली, फ्यूज मला दाखवून मोजूनसुद्धा दिले, आणि म्हणाल्या, "आता जावा, वर घर बांधा."

तिसरा खांब मामांनी अर्ध्या वेळात उरकला. मी खाली उभा राहून त्यांचे हात बघत होतो. एकदाही हलले नाहीत. फ्यूज बसवले आणि वाडी एकदम जागी झाली. गिरणी घरघरली, स्पीकर खरखरला, पंपाने पाणी ओकलं, आणि नवरदेव मशीन घेऊन घराकडं पळाला.

संध्याकाळी मी मामांना उत्रोलीला सोडायला गेलो. मामींनी आल्याआल्या विचारलं, "जेवले का?"

मी सगळं सांगितलं. वैनी, फ्यूज, अख्ख्या वाडीची पंगत, कोंबड्यामागं काठी घेतलेला वरबाप. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीही न वाढवता सांगत होतो, आणि मामी माझ्याकडं अशा बघत होत्या जसं मी घोड्याला शिंगं फुटल्याचं सांगतोय.

"थापा मारू नगंस रं. न्हाई जेवले तर न्हाई म्हण."

मी हात टेकले. मामा तर मला दुजोरा द्यायच्या ऐवजी मोरीकडं निघून गेले. हातपाय धुऊन पाटावर बसले. मामींनी नेहमीप्रमाणे चार भाकरी वाढल्या. एरवी मामा संध्याकाळी असे जेवतात की ताट धुवायला लागत नाही, मान वर करत नाहीत, पहिल्या दोन भाकरी तर चावतसुद्धा नाहीत. त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "बास. भूक न्हाई आज लई."

मामींचा हात परातीवरच राहिला. बायकोने रांधलेलं नवऱ्याने टाकलं तर कुठल्याही घरात तोंड वाकडं होतं. मामी मामांकडं बघत राहिल्या. त्यांच्या कपाळाकडं, हातांकडं, ताटातल्या साडेतीन भाकरींकडं. मग पदराने डोळे पुसले, चुलीचा धूर गेला असं काहीतरी पुटपुटल्या, आणि स्वयंपाक तर गॅसवर होतो त्यांच्याकडं. उरलेल्या भाकरी त्यांनी उचलून माझ्या ताटात घातल्या.

"खा तू. तुझ्या तोंडातनं आज खरं निघालंय, दमला असशील."

मी खायला लागलो. जरा वेळाने मामींनी मामांना विचारलं, "उद्या कुठं हाय काम?"

"भोंगवलीकडं जायचंय उद्या. तिकडचं वायरमन रजेवर हायती."

मामी विचारात पडल्या. भाजीचा डाव हातातच होता.

"तिथं गिरणीवाली कोण हाय?" त्यांनी मला विचारलं.